फर्डिनांड पोर्शे : घरी दुरुस्त होणाऱ्या गाडीचा कर्ता



यंत्राची आवड असलेल्या मुलांना कोणाचं चरित्र सांगावं, हा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो. एडिसन सांगून झाला, राइट बंधू सांगून झाले, आपले लक्ष्मणराव किर्लोस्करही सांगून झाले. आज जरा वेगळं नाव घेऊ या : फर्डिनांड पोर्शे. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली 'बीटल' ही छोटी गाडी चित्रात तरी सगळ्यांनी पाहिली असेल. ती गाडी घडवणारा हा माणूस. पण त्याचं चरित्र पुस्तकातल्या धड्यासारखं सरळ नाही. त्यात खूप शिकण्यासारखं आहे आणि खूप लाज वाटण्यासारखंही आहे. म्हणूनच ते मोठ्या मुलांना, म्हणजे आठवी-नववीच्या पुढे, नीट सांगायला हवं.

आपल्या ओळखीचं इंजिन

सुरुवात सिरोंचापासूनच करू. प्राणहिता जिथे गोदावरीला मिळते, त्या टोकावरचं हे तालुक्याचं गाव. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली इथून दोनशे किलोमीटरच्याही पुढे. मधला बराचसा रस्ता जंगलातला. अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून इकडच्या घरांत पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर असतोच, आणि मोटरसायकलचं थोडंफार काम घरचीच माणसं करतात.

आपल्या मोटरसायकलच्या इंजिनाला पाण्याची टाकी नसते. स्प्लेंडर असो की जुनी बुलेट, इंजिनाच्या अंगावर पातळ पातळ पट्ट्या काढलेल्या दिसतात. मुलांना विचारून पाहा, त्या कशासाठी? बरीच मुलं म्हणतील, शोभेसाठी. खरं कारण असं, की पट्ट्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि वाऱ्याला जास्त उष्णता नेता येते. हेच ते हवेने थंड होणारं इंजिन. अशा इंजिनातून टिकटिक आवाज वाढला की मिस्त्री कान लावून म्हणतो, टॅपेट वाजतंय, सेट करावं लागेल. टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्हमधली फट ठरलेल्या मापाची करणं.

मोटरसायकलच्या या दोन गोष्टी, हवेवर थंड होणं आणि घरी टॅपेट सेट करता येणं, पोर्शेने चारचाकी गाडीत आणल्या आणि ती गाडी जगातल्या कोट्यवधी घरांपर्यंत गेली. हवेने थंड होणारी गाडी बनवणारा तो पहिलाही नव्हता आणि एकटाही नव्हता. ते पुढे येईलच.

पत्रेवाल्याचा मुलगा

फर्डिनांडचा जन्म 3 सप्टेंबर 1875 चा. गावाचं नाव माफर्सडॉर्फ. तेव्हा हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचं काम करायचे, म्हणजे आपल्याकडच्या डबे, चाळण्या, पन्हाळी करणाऱ्या कारागिरासारखेच. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा, ही त्यांची साधी अपेक्षा. त्यात चूक काही नव्हती. मुलगा दिवसभर दुकानात पत्रा कापायचा, ठोकायचा.

पण गावात एक गालिचांचा मोठा कारखाना होता आणि तिथे वीज आली होती. त्या विजेने या मुलाला वेड लावलं. दिवसा वडिलांच्या हाताखाली काम आणि संध्याकाळी जवळच्या राइशनबर्ग शहरात तांत्रिक शाळेचे वर्ग, असा त्याचा क्रम सुरू झाला. वयाची विशी गाठण्याआधीच त्याने स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावले. गावात बहुतेकांकडे तेव्हा तेलाचेच दिवे होते.

पालकांनी इथे जरा थांबावं. पोरगं रेडिओ उघडून बसतं, सायकलची चेन काढून ठेवतं, तेव्हा आपण रागावतो. रागवायला हरकत नाही. पण उघडलेली वस्तू त्याच्याकडूनच जोडून घ्यावी. हात असेच तयार होतात.

व्हिएन्ना : चोरून ऐकलेली व्याख्यानं

1893 साली फर्डिनांड व्हिएन्नाला गेला आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. महाविद्यालयात रीतसर प्रवेश घ्यायला ना पैसा होता ना तशी शैक्षणिक तयारी. मग काम संपलं की तो तिथल्या तांत्रिक विद्यापीठात जाई आणि नाव न नोंदवता व्याख्यानाला मागे बसे. पदवी त्याने कधी घेतली नाही. पण 1917 मध्ये याच विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. आपल्याकडे परीक्षेत मागे पडलेल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. मात्र पूर्ण सांगावी. तो शिकला नाही असं नाही, त्याला दारातून आत घेतलं नाही म्हणून तो खिडकीतून शिकला.

कंपनीत चार वर्षांत तो चाचणी विभागाचा प्रमुख झाला. पुढे लोनर या गाडीकारखान्यात गेला. तिथे त्याने विजेवर चालणारी गाडी केली आणि विजेची मोटर थेट चाकाच्या तुंब्यातच बसवली. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी मांडली गेली. त्याच सुमारास पेट्रोल इंजिनाने वीज तयार करून त्या विजेवर चाकं फिरवायची, असाही प्रयोग त्याने केला. आज रस्त्यावर येणाऱ्या हायब्रिड गाड्यांची कल्पना सव्वाशे वर्षं जुनी आहे, हे ऐकून मुलांना गंमत वाटते.

1906 मध्ये तो ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीचा तांत्रिक प्रमुख झाला. 1923 पासून जर्मनीत श्टुटगार्टच्या डाइमलरमध्ये होता. तिथे शर्यतीच्या दणकट गाड्या त्याने केल्या. पण त्याच्या डोक्यात एक विषय सतत घोळत होता : सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी गाडी. मोठ्या कंपन्यांच्या संचालकांना त्यात फायदा दिसत नव्हता. स्वभावही तापट, मताला चिकटून राहणारा. वरिष्ठांशी खटके उडायचे, नोकऱ्या सुटायच्या. अखेर 1931 मध्ये त्याने श्टुटगार्टमध्ये स्वतःचं आरेखन कार्यालय काढलं. पैशाची बाजू सांभाळणारा भागीदार होता अडॉल्फ रोझेनबर्गर, एक ज्यू शर्यतपटू आणि व्यापारी. हे नाव लक्षात ठेवा.

घराच्या गॅरेजमध्ये गाडी

दोन मोटरसायकल कंपन्यांसाठी पोर्शेच्या कार्यालयाने छोट्या गाडीचे नमुने केले. पैसा नाही म्हणून दोन्ही प्रकल्प अर्ध्यावर राहिले. 1933 मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. प्रत्येक जर्मन कुटुंबाला गाडी, ही घोषणा त्याला प्रचारासाठी हवी होती. जून 1934 मध्ये पोर्शेशी करार झाला. अट अशी : दोन मोठी आणि तीन मुलं बसतील, ताशी 100 किलोमीटर वेग टिकेल, पेट्रोल कमी लागेल आणि किंमत 1,000 मार्कच्या आत राहील. गाडी हवेने थंड होणारी असावी असंही ठरलं, कारण थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीतलं पाणी गोठतं आणि इंजिन फुटतं. सामान्य माणसाकडे गाडीघर कुठलं!

पहिले नमुने कुठे तयार झाले? कारखान्यात नाही. पोर्शेच्या श्टुटगार्टच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये. आकार ठरवण्यात एर्विन कोमेंडा, इंजिनात फ्रान्झ रायमश्पीस अशा सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता. गाडी एकट्या माणसाच्या डोक्यातून निघत नसते, हे मुलांना सांगायला हा चांगला दाखला आहे.

ही कल्पनाही एकट्याची नव्हती. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीचा अभियंता हान्स लेडविंका हवेने थंड होणाऱ्या गाड्या आधीपासून करत होता. सारखेपणावरून पुढे वाद झाला आणि युद्धानंतर फोक्सवॅगनने टाट्राला भरपाई दिली. योझेफ गान्झ नावाचा ज्यू अभियंता आणि संपादक जर्मनीत लोकांच्या छोट्या गाडीसाठी वर्षानुवर्षं लिहीत होता. त्याच्या कल्पनांवर बेतलेली एक छोटी गाडी 1933 मध्ये बाजारातही आली होती. नाझी राजवटीने त्याला अटक केली, काम काढून घेतलं आणि त्याला देश सोडावा लागला.

आपल्याकडेही हे स्वप्न कोणी पाहिलं नाही असं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचे नमुने स्वतःच्या हिमतीवर केले. ती गाडी मोठ्या प्रमाणावर कधी निघाली नाही. नमुना करायला हात आणि बुद्धी लागते. कारखाना काढायला पैसा आणि सत्ता लागते. पोर्शेला ती सत्ता मिळाली. कोणाची मिळाली, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

टॅपेट सेट करणं : गाडीतला गृहपाठ

आता थोडा वेळ इंजिनात डोकावू. कारण ही गाडी सामान्यांची झाली ती नुसत्या किमतीमुळे नाही, तर तिचं काम मालकाला स्वतः करता येत होतं म्हणून.

बीटलचं इंजिन मागे असतं. चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला, आडवे झोपलेले. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, एक हवा-पेट्रोल आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. म्हणजे एकूण आठ. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाचं दार. दार वेळेवर उघडलं पाहिजे आणि वेळेवर घट्ट मिटलं पाहिजे.

धातू तापला की वाढतो, हे सहावी-सातवीतली मुलंही सांगतील. म्हणून दार ढकलणारा दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये थंड असताना थोडी फट ठेवतात. जुन्या बीटलमध्ये ही फट 0.10 मिलिमीटर, नंतरच्या इंजिनांत 0.15 मिलिमीटर. मापायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा.

रीत अशी. गाडी रात्रभर उभी ठेवायची, इंजिन पूर्ण थंड हवं. गिअर न्यूट्रलला आणि चाकांना दगड लावून घ्यायचे. मागचं झाकण उघडून इंजिनाची पुली हाताने फिरवायची आणि तिच्यावरची खूण इंजिनाच्या मधल्या सांध्याशी आणायची. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आतला काटा पहिल्या सिलिंडरच्या खुणेकडे आहे ना, हे पाहायचं. तसं असेल तर पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत. मग गाडीखाली हात घालून व्हॉल्व्हच्या झाकणाची तारेची कडी खाली सरकवायची. झाकण निघतं, थोडं तेल टपकतं, खाली जुनं ताट ठेवावं.

आता पातं फटीत घालायचं. ते अडकत अडकत, पण जोर न लावता सरकलं पाहिजे. अगदी सैल गेलं किंवा गेलंच नाही, तर चेकनट ढिला करून मधला स्क्रू फिरवायचा. माप जमलं की स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पुन्हा पातं घालून पाहायचं, कारण नट आवळताना माप हलतं. मग पुली उलट दिशेने अर्धा फेरा फिरवायची, की दुसऱ्या सिलिंडरची पाळी येते. असंच तिसरा, चौथा. शेवटी झाकणाचं बुचाचं पॅकिंग नवं घालून झाकण बसवायचं. पाच-सहा हजार किलोमीटर झाले की पुन्हा हेच. पाना, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज आणि सकाळचा एक-दोन तासांचा वेळ, एवढंच लागतं.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फट मोठी झाली की व्हॉल्व्ह टिकटिक वाजतो. आवाज त्रासदायक वाटतो, पण धोका बेताचाच असतो. फट फार कमी झाली तर आवाजच येत नाही. इंजिन उलट गुळगुळीत चालल्यासारखं वाटतं. पण धूर सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. मिटलेला असताना तो आपली उष्णता बैठकीला देऊन थंड होत असतो, ती संधीच त्याला मिळत नाही. तो जळतो, आणि एखाद्या दिवशी त्याचं डोकं तुटून सिलिंडरमध्ये पडतं. सगळं इंजिन गेलं. जुन्या बीटलमध्ये तिसऱ्या सिलिंडरला हा धोका जास्त असे, कारण तेल थंड करणारा भाग त्याच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला होता. 1970 च्या सुमारास तो भाग बाजूला हलवला गेला.

म्हणून जाणता मिस्त्री वाजणाऱ्या व्हॉल्व्हपेक्षा गप्प बसलेल्या व्हॉल्व्हला जास्त घाबरतो. आठही व्हॉल्व्ह तपासतो, आवाज येवो न येवो.

चरित्रं सांगतानाही आपण हेच करायला हवं. पोर्शेच्या आयुष्यातला जो भाग फार वर्षं गप्प राहिला, तो आता पाहू.

कारखाना कोणाच्या घामावर चालला

26 मे 1938 रोजी हिटलरच्या हस्ते नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. गाडीसाठी बचत योजना निघाली. आठवड्याला 5 मार्कांचं तिकीट विकत घेऊन पुस्तिकेत चिकटवायचं, पुस्तिका भरली की गाडी. तीन लाखांवर लोकांनी त्यात पैसे टाकले. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं. त्या बचतीवर युद्धाच्या काळात एकाही सामान्य कुटुंबाला गाडी मिळाली नाही. कारखान्यात सैन्यासाठी वाहनं बनू लागली. तेच हवेने थंड होणारं इंजिन आता आफ्रिकेच्या वाळवंटात आणि रशियाच्या बर्फात लष्करी गाड्या ओढत होतं.

पोर्शे 1937 मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. तो कारखान्याच्या मुख्य व्यवस्थापकांपैकी एक होता, जावई आन्टोन पिएशही व्यवस्थापनात होता. कामाला माणसं कमी पडली तेव्हा जिंकलेल्या देशांतून माणसं आणली गेली. पोलंड, सोव्हिएत संघ, फ्रान्स, इटली अशा देशांतले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले कैदी. युद्धकाळात साधारण 20,000 माणसांनी इथे सक्तीने काम केलं. एक काळ असा होता, की कारखान्यातले तीन कामगारांपैकी दोन हे सक्तीने आणलेले होते.

कामगार स्त्रियांना मुलं झाली तर ती आईपासून काढून कारखान्याच्या एका बालगृहात ठेवली जात. तिथे उपासमारीने आणि आजाराने 300 हून अधिक तान्ही बाळं मेली. त्यासाठी कारखान्याच्या डॉक्टरला युद्धानंतर ब्रिटिश लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला.

रोझेनबर्गर हे नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. कार्यालय उभं करताना ज्याने पैशाचा भार उचलला, त्या भागीदाराचा वाटा त्याच्याकडून नाममात्र रकमेला काढून घेतला गेला. 1935 मध्ये त्याला अटक होऊन काही दिवस छावणीत ठेवलं गेलं. सुटल्यावर त्याने देश सोडला. कंपनीच्या इतिहासातून त्याचं नाव बरीच वर्षं जवळजवळ पुसलेलंच होतं.

पोर्शे राजकारणी नव्हता, तो फक्त यंत्रात रमलेला होता, असं त्याच्याबद्दल पुष्कळदा लिहिलं गेलं. यंत्रात रमलेला होता हे खरंच. पण ज्या कारखान्याचं काम तो पाहत होता, तिथली माणसं कशी राबवली जातात हे न दिसण्यासारखं नव्हतं. त्याला गाडी हवी होती, कारखाना हवा होता. त्यासाठी समोर कोण आहे, याकडे त्याने पाहिलं नाही. फोक्सवॅगन कंपनीने हा इतिहास 1986 मध्ये हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे अभ्यासाला दिला. 1996 मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. म्हणजे युद्ध संपून पन्नास वर्षं उलटल्यावर.

शेवटची वर्षं

युद्धानंतर कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला. आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश मेजरने तो पुन्हा सुरू केला. कारखान्याच्या गावाला वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळालं आणि खऱ्या अर्थाने लोकांसाठी गाड्या तेव्हा निघू लागल्या. सुरुवातीचं इंजिन 1131 सीसीचं, ताकद जेमतेम 25 अश्वशक्ती.

डिसेंबर 1945 मध्ये फ्रान्सने पोर्शेला युद्धगुन्ह्यांच्या आरोपावरून अटक केली. दीड वर्षाहून जास्त काळ तो तुरुंगात होता. मुलगा फेरी आधी सुटला होता. त्याने एका इटालियन कंपनीसाठी शर्यतीच्या गाडीचं आरेखन करून पैसा उभा केला आणि ऑगस्ट 1947 मध्ये वडिलांना जामिनावर सोडवलं. पुढे फ्रेंच न्यायालयाने पोर्शेला निर्दोष ठरवलं. पण कारखान्यात राबलेल्या त्या हजारो माणसांचा हिशेब कोणत्याही न्यायालयाने त्याच्याकडे मागितला नाही.

1948 मध्ये फेरीने ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या छोट्या गावी पोर्शे नावाची पहिली गाडी केली, बीटलचेच भाग वापरून. आज श्रीमंतांच्या गाड्या म्हणून हे नाव ओळखलं जातं, त्याची सुरुवात अशी झाली. 1950 च्या अखेरीस फर्डिनांड वोल्फ्सबुर्गला जाऊन आला. रस्त्यावर त्याच्या गाड्या धावत होत्या. त्यानंतर त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि 30 जानेवारी 1951 रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तो वारला.

गाडी मात्र पुढे चालत राहिली. फेब्रुवारी 1972 मध्ये तिने फोर्डच्या मॉडेल टी या गाडीचा उत्पादनाचा विक्रम मागे टाकला. शेवटची जुनी बीटल 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोत तयार झाली. तोपर्यंत 2 कोटी 15 लाखांवर गाड्या निघाल्या होत्या. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 पासून आपल्या पुण्याजवळ चाकणलाही आहे. तिथल्या गाड्यांचं इंजिन पाण्याने थंड होतं आणि झाकण उघडलं तरी घरच्या माणसाला करण्यासारखं काम फारसं उरलेलं नाही.

वर्गात काय करता येईल

एक. कोऱ्या कागदाचं 500 पानांचं रीम आणा. पट्टीने जाडी मोजा, साधारण 5 सेंटिमीटर भरेल. भागाकार मुलांना करू द्या. एका कागदाची जाडी येते 0.1 मिलिमीटर. तेवढीच जुन्या बीटलच्या व्हॉल्व्हची फट. दशांश चिन्हानंतरचा अंक किती मोठं काम करतो, हे फळ्यावर सांगून जितकं कळत नाही तितकं बोटांना कळतं.

दोन. प्रसरणाचा प्रयोग. शाळेत गोळा आणि कडी असेल तर उत्तम. नसेल तर घट्ट बसलेलं बरणीचं धातूचं झाकण गरम पाण्यात धरून उघडून दाखवा. आजीला हे आधीपासून माहीत असतं. मुलांना घरी विचारून यायला सांगा.

तीन. गावातल्या मिस्त्रीला एक तास वर्गात बोलवा. थंड मोटरसायकलवर टॅपेट कसं सेट करतात ते त्यांनी दाखवावं. आपल्याकडे कोणी घरी तेलुगू बोलतं, कोणी माडिया, कोणी मराठी. पाना आणि नट सगळ्यांना एकाच नावाने कळतात. जे मूल वाचनात अडखळतं, ते इथे पुढे येतं, असं दिसेल. बोलावताना मिस्त्रींना मान द्या, खुर्ची द्या, चहा द्या. मुलं तेही पाहत असतात.

चार. शेवटचा भाग चर्चेचा. मुलांना एकच प्रश्न द्या : ही गाडी चांगली की वाईट, आणि ती घडवणारा माणूस चांगला की वाईट? दोन्ही उत्तरं एकच असली पाहिजेत का? घाई करू नका. काही मुलांनी हिटलरबद्दल कौतुकाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा त्या बालगृहातल्या बाळांबद्दल सांगा आणि मग त्यांना बोलू द्या.

माझं मत विचाराल तर पोर्शेचे हात मुलांनी घ्यावेत. दिवसा पत्रा ठोकून रात्री शिकायला जाण्याची जिद्द घ्यावी. सामान्य माणसाला दुरुस्त करता येईल असंच यंत्र करायचं, हा हट्टही घ्यावा. पण काम मिळतंय म्हणून ते कोण देतंय आणि कोणाच्या जिवावर चाललंय हे न विचारणं, ते मात्र घेऊ नये. हा प्रश्न आपल्या मुलांना लांबचा नाही. यंत्र येतं, कारखाना येतो, खाण येते, धरण येतं. आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या चंद्रपुरात हे शब्द रोजचे आहेत. उद्या आपलीच मुलं तिथे अभियंते, फिटर, चालक, साहेब होतील. यंत्र कसं चालतं हे त्यांना यावंच. ते कोणासाठी चालतं आणि कोणाला चिरडून चालतं, हे विचारण्याची सवयही शाळेतच लागायला हवी.

चरित्र सांगताना सोयीचे व्हॉल्व्ह तेवढे तपासून झाकण लावू नका. आठही तपासा. मुलं समजूतदार असतात, अर्धं सांगितलेलं त्यांना नंतर कळतं आणि मग ती आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत.

हा पाठ वर्गात घेतलात, मिस्त्रींना बोलावलंत, तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच प्रश्न सगळ्यांत जास्त उपयोगी पडतील.